बापूरावला थंडीने मारायचं गणित

डॉक्टर ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म घेऊन कॉटच्या एका बाजूला उभे होते, निखाडेवहिनी दुसऱ्या बाजूला आणि मी पायांशी. कॉटवरच्या निखाडेसाहेबांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बापूराव मेला का?"

डॉक्टरांना वाटलं, कुणी नातेवाईक असेल. ते म्हणाले, "त्यांचं आपण नंतर बघू. आधी सही करा."

"नाई," साहेब म्हणाले. "आधी याले सांगू द्या. मंग सही."

आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

बापूराव कुणाचाही नातेवाईक नव्हता. तो चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या तळावर पंप दुरुस्त करतो. त्याला मी जन्माला घातलं, नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत. मागच्या रविवारच्या भागाच्या शेवटी तो एका विवराच्या तळाशी अडकला होता. गाडी उलटली होती आणि सूट गरम ठेवणारा हीटर बंद पडला होता. पुढच्या भागात तो मरणार होता. तो भाग मी लिहून संपादकांना पाठवूनही दिला होता.

मी हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मेंटेनन्स आणि सेफ्टी बघतो. शेतातून आलेल्या कापसातली सरकी काढायची, उरलेली रुई दाबून तिची गठाण बांधायची, हे आमचं काम. निखाडेसाहेब तिथले प्लांट मॅनेजर. उरलेल्या वेळात मी विज्ञानकथा लिहितो. त्यातही 'हार्ड' म्हणतात त्या प्रकारच्या. या प्रकारात गणित आधी आणि गोष्ट नंतर असते. यानात इंधन किती, हवा किती, रस्ता किती, हे एकदा लिहिलं की लेखकाचं त्याच्यापुढे काही चालत नाही. अडलेल्या नायकाला सोडवायला आयत्या वेळी नवं यंत्र आणता येत नाही. आणलं तर वाचक पुस्तक ठेवून देतो, आणि त्याचं बरोबर असतं.

मुलाखतीत विचारतात, तुमच्यावर कोणाचा प्रभाव? लोक मोठी नावं घेतात. माझ्यावर निखाडेसाहेबांचा आहे. मी नवा होतो तेव्हा एक बेअरिंग तापून जळालं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'अतिउष्णतेमुळे खराब झाले.' साहेबांनी कागद परत केला. म्हणाले, "उष्णता कुठून आली आन् कुठं जाऊन राह्यली होती, थे लिही. अतिउष्णता मले बी दिसते." माझी अर्धी पुस्तकं त्या एका वाक्यावर उभी आहेत. बापूरावलाही मी त्यांचंच बोलणं, त्यांचीच चाल आणि बेअरिंगला कान लावायची त्यांचीच सवय दिली होती. साऱ्या कारखान्याने त्याला ओळखलं होतं. साहेबांनी सगळ्यांच्या आधी.

मी कॉटच्या पायांशी चादर नीट करू लागलो. मला कशाचंही अपराधी वाटतं. राँग नंबर लागला तर समोरच्याआधी मीच सॉरी म्हणतो. त्यामुळे माझा चेहरा कुणालाही वाचता येतो.

"म्हंजे मारला तू त्याले," साहेब म्हणाले.

"साहेब, ती गोष्ट आहे."

"मले माहीत हाये गोष्ट हाये. मी काही देवाले कौल लावून नाई राह्यलो. पण तू वीस वर्षं मले पाह्यलं. तुह्या हिशोबानं मी नाई वाचत. मंग या डॉक्टरसाहेबांच्या हिशोबानं कसा वाचतो?"

डॉक्टर म्हणाले, "तीन ब्लॉकेज आहेत. बायपास या आठवड्यात झालीच पाहिजे. मी कथा वाचत नाही."

"तुमचं चूक नाई," साहेबांनी त्यांना समजावलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये वहिनी माझ्याशी बोलल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"भाऊजी, भेले हायेत ते. भेलो म्हणता येत नाई त्याह्यले, म्हणून तुमच्या बापूरावले पुढं केलं. पोरीचं नाई आयकत, माह्यं नाई आयकत. तुम्ही त्याले वाचवून टाका ना. काय लागते तुमाले? दोन ओळी."

"वाचवतो," मी म्हणालो.

मी आत जाऊन साहेबांना तसं सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, "खोटं वाचवजो नाई. वरून दुसरं यान आलं-गिलं, असं लिहून आणशील त मले समजते. मंग मी घरी जातो."

मारायचं आणि खोटं वाचवायचं, अशी माझी दोन्ही दारं त्यांनी तेवढ्यात लावून घेतली होती.

घरी येऊन मी आधीचे भाग काढले. तळ विवराच्या काठावर. तिथून बचावगाडीला खाली यायला सहा तास. छापून आलेलं. बापूरावच्या टाकीत हवा आठ तासांची. तेही छापून आलेलं. म्हणजे हवा पुरत होती. त्याला मारणार होती फक्त थंडी. त्या विवरात ऊन कधीच पोचत नाही. तिथलं तापमान शून्याखाली दीडशेच्याही खूप खाली असतं. मी लिहिलं होतं, हीटर बंद पडल्यावर तासाभरात तो गोठतो. बचावगाडीला लवकर आणता येईना. हीटर सुरू करता येईना. संध्याकाळपर्यंत मी चार पळवाटा शोधल्या आणि चारही साहेबांच्या आवाजात खोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेस हाउसमधून फोन आला. एका गठाणीला जळका वास येत होता.

आमच्या धंद्यात ही नेहमीची भीती. कापसातून एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये जातो, ठिणगी उडते, रुई धुमसते, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत ती ठिणगी गठाणीत बांधली जाते. अशी गठाण उघडायची नसते. उघडली की वारा लागून पेटते. तिला उचलून यार्डात, बाकीच्या मालापासून लांब, एकटी ठेवायची आणि नजर ठेवायची. ती आत कितीतरी दिवस धुमसू शकते.

आम्ही ती लांब नेली. मी तिच्यावर हात ठेवला. गार होती. डिसेंबरची सकाळ होती, यार्डात झोंबरा वारा होता, आणि गठाण त्या वाऱ्याइतकीच गार. मग मी तापमान मोजायची लांब सळई आत खुपसली. हातभर आत पारा नुसता चढत गेला.

हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्या दिवशी मात्र तिथेच उभा राहिलो. आत विस्तव, बाहेर थंडी, मधे हातभर रुई. आतली उष्णता बाहेर का येत नाही? कारण रुईत अडकलेली हवा हलत नाही. उष्णतेला न्यायला कुणी येत नाही. मग चंद्रावर बापूरावच्या अंगातली उष्णता न्यायला कोण येतं? तिथे तर हवाच नाही.

मी ऑफिसात जाऊन माझं जुनं गणित काढलं. चूक पहिल्याच ओळीत होती. तासाभरात गोठण्याचा आकडा मी कोल्ड स्टोरेजच्या एका हँडबुकातून उचलला होता. तो थंड वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचा होता. आम्हा वर्धेकडच्या लोकांना उन्हाची पारख असते. सत्तेचाळीस अंशांवर काय काय होतं ते आम्ही झोपेत सांगू. थंडी म्हणजे मात्र आम्हाला वारा. वर्षातले थोडे दिवस पहाटे जो अंगाला लागतो तो. मी तो वारा उचलून चंद्रावर नेला होता.

आणि हे मला आधी दिसलं का नाही, तेही सांगतो. त्याच मालिकेतल्या पंपाचं गणित मी तीन वेळा तपासलं होतं. पंप चुकला असता तर वाचक बोलले असते. बापूरावचं मरण एकदाही तपासलं नाही. ते गोष्टीला हवं होतं आणि आकडा सोयीचा होता.

मग नीट मांडलं. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॉटच्या जुन्या बल्बाइतकी उष्णता निघते. सुटाला चकचकीत पडद्यांचे थर असतात. त्यातून किरणांच्या वाटेने फार थोडी निसटते. उरतो जमिनीचा स्पर्श. चंद्राची धूळ मैद्यासारखी बारीक, उष्णता जवळजवळ वाहूच न देणारी. तरी बापूराव तिच्यावर आडवा पडणार नाही. तो हत्यारांच्या पेटीवर गुडघे पोटाशी घेऊन बसेल. सहा तास निघतात. मी तीन वेळा तपासलं.

एक गोष्ट मात्र निघेना. गाडी उलटल्यामुळे अँटेना मोडली होती आणि ती काठावरच्या तळाकडे हाताने धरून ठेवावी लागत होती, नाहीतर बचावगाडीला तो सापडणार नाही. हेही छापून आलेलं. सहा तास हातमोज्यात गार धातू. ती बोटं मी कोणत्याच आकड्याने वाचवू शकलो नाही.

संपादकबाईंना फोन केला. त्या वैतागल्या.

"अहो, पान लागलंय. चित्र काढून झालंय. मला स्वतःला रडू आलं वाचून. आणि तुम्ही म्हणता तो जगतो?"

"मॅडम, तो मरतच नव्हता. माझं गणित चुकलं होतं."

"कुणाला कळणार आहे?"

"एका माणसाला."

"एका माणसासाठी पान बदलू?"

मी खरं ते सांगितलं. बाईंनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "चित्रात तो आडवा पडलाय."

"बसलेला काढता येईल का?"

"उद्या दुपारपर्यंत मजकूर द्या. चित्रकाराला मी शिव्या घालते. म्हणजे तो मला घालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन हॉस्पिटलात गेलो. साहेबांनी चष्मा लावला आणि मेंटेनन्सचा रिपोर्ट वाचावा तसं वाचायला घेतलं. वहिनी थर्मासमधून मला चहा ओतत होत्या.

"हे वाऱ्याचं चुकलंच होतं तुह्यं," साहेब म्हणाले. "पहिले काऊन नाई पाह्यलं?"

"मारायची घाई झाली होती, साहेब."

"हं." त्यांनी पान उलटलं. "पेटीवर बसवला. पेटी कायची?"

"फायबरची. दुसऱ्या भागात आहे."

"हाये. मले आठवते." मग त्यांनी चष्म्यावरून थर्मासकडे बघितलं. "याच्या दोन भिंतींच्या मधात बी काहीच नसते ना? हवा काढून घेतलेली असते."

"हो."

"म्हंजे बापूराव थर्मासमध्ये बसला हाये." त्यांनी वहिनींना सांगितलं, "आयकलं का? चहा जसा गरम राह्यते, तसा हा."

"आयकलं," वहिनी म्हणाल्या. "चहा बी घ्या मग एक घोट."

"डॉक्टर नाई म्हणते." ते शेवटच्या पानावर थांबले. मी अपराध्यासारखा उभा होतो, कारण तिथे काय आहे ते मला माहीत होतं.

"याची दोन बोटं जाते?"

"हो साहेब. ती नाही वाचवता आली. खोटं लिहावं लागलं असतं."

"कोणत्या हाताची?"

"डाव्या."

साहेबांनी स्वतःचा डावा हात उलटा-पालटा करून बघितला. मग उजवा पुढे केला. "कुठी हाये तो फॉर्म? बलाव त्याह्यले."

डॉक्टर आले. साहेबांनी सही केली, खाली तारीख टाकली आणि त्यांना म्हणाले, "तुम्ही बी हिशोब दोन डाव पाहून घेजा. हा पढालिखा माणूस हाये, तरी याचा चुकला होता." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सॉरी म्हणालो.

ऑपरेशन नीट झालं. पायातली शीर काढून छातीत लावली. ती जखम भरायला छातीपेक्षा जास्त दिवस लागले, याची साहेब अजून तक्रार करतात. उन्हाळ्याआधी ते कामावर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा एक रिपोर्ट परत केला.

मालिकेचं मात्र तसं झालं नाही. तो भाग छापून आला त्या आठवड्यात संपादकबाईंचा फोन आला. वाचक नाराज होते. एका निवृत्त प्राध्यापकांनी कळवलं होतं की एवढ्या भयंकर थंडीत माणूस सहा तास बसून राहतो, हे शाळेतल्या मुलालाही पटणार नाही. लेखकाने थोडं विज्ञान शिकून घ्यावं. दुसऱ्या एकांनी विचारलं होतं, आतापर्यंत इतकं काटेकोर लिहिणारा लेखक शेवटी सिनेमाच्या वळणावर का गेला? बाई म्हणाल्या, "मारला असता तर एकही फोन आला नसता." मी म्हणालो, मला माहीत आहे.

आता मी पात्र मारायच्या आधीही गणित तीन वेळा तपासतो. त्यामुळे माझ्या गोष्टींत माणसं फारशी मरत नाहीत. प्रकाशकांचं म्हणणं आहे, पुस्तकं पूर्वीसारखी खपत नाहीत त्याचं कारण तेच असावं.