फळ्यावरची किल्ली

दातांच्या दवाखान्यांसाठी वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर बनवणारी ती कंपनी. माणसं अठरा, आणि त्यातली सतरा अतिशय हुशार. अठराव्या चौकशीबाई.

हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते ऑफिसनं दिलं होतं, आणि इतक्या प्रेमानं दिलं होतं, की बाई खोलीत शिरल्या की ते हवेतल्या हवेत विरून जायचं आणि त्याच्या जागी ‘मॅडम’ उगवायचं. बाईंना ते माहीत होतं. संसार आणि नोकरी एका हातानं रेटणाऱ्या बावन्न वर्षांच्या बाईला आपल्या पाठीमागे काय बोलतात हे कळायला कान लागत नाहीत, पाठ पुरते.

त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला नकोसं. कंपनीचा सगळा कोड इंटरनेटवरच्या एका साइटवर ठेवलेला असे. अशा कंपन्या तो तिथेच ठेवतात. पण नुसता कोड ठेवून भागत नाही. त्याच्याभोवती बाहेरच्या लोकांची ॲप्स गोळा होतात. एक कोड तपासतं, एक चुका शोधतं, एक नवा कोड थेट दवाखान्यांपर्यंत पोचवतं, एक नुसतं कोण किती काम करतं याचे हिरवे पट्टे काढून दाखवतं. प्रत्येक ॲप दाराशी येऊन म्हणतं, मला आत घ्या. पडद्यावर दोन बटणं येतात. ‘अलाऊ’ हे हिरवं, मोठं, हसरं. ‘नको’ हे कोपऱ्यात, फिकट, आजाऱ्यासारखं. सतरा हुशार माणसांची बोटं आपोआप हिरव्याकडे जायची. म्हणून त्या बटणापुढे बाईंना बसवलं होतं.

बाईंनी एकपानी फॉर्म केला होता आणि त्यात तीनच प्रश्न होते. काय पाहिजे? कशाला? किती दिवस?

तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची म्हणजे केवढा छळ! सगळ्यात जास्त छळ व्हायचा तो घाईबुवाचा. हा तिथला मुख्य प्रोग्रामर. चहासुद्धा उभ्यानं पिणारा.

“मॅडम, शुद्धलेखन तपासणारं ॲप आहे. दाबा ना अलाऊ.”

“ते काय मागतंय ते वाचलंस?”

“त्यात वाचायचं काय? सगळीच मागतात.”

“हे सगळा कोड वाचणार, बदलणार, पुसणार, वर नवी माणसंही आत घेणार. शुद्धलेखन तपासायला?”

“पद्धत असते हो त्यांची.”

“अरे, गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसानं कपाटाची किल्ली मागितली तर देशील?”

“नळ फारच गळत असेल तर देईन,” घाईबुवा म्हणाला. खोटं बोलत नसे बिचारा.

बाईंच्या या चिकित्सेला घरचं कारण होतं, आणि ते कारण घरीच, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेलं असे. सासूबाईंचा माणसांवर फार विश्वास. एकदा सगळे चार दिवस बाहेरगावी जाणार, तर सासूबाईंनी कुंड्यांना पाणी घालायला शेजारणीला घराची किल्ली दिली. शेजारणीला ऐनवेळी काम निघालं, तिनं ती बहिणीला दिली. बहिणीनं दिराला. परत आल्यावर बाईंनी दार उघडलं, तर सोफ्यावर एक अनोळखी गृहस्थ पाय पसरून टीव्ही बघत होते. “या, या,” ते म्हणाले. “बसा ना.” कुंड्या मात्र वाळून कोळसा झाल्या होत्या.

“अगं, परका नव्हता काही,” सासूबाई म्हणाल्या. “शेजारणीच्या बहिणीचा दीर तो.”

त्यानंतर बाईंनी कुलूप बदललं, कुंड्या बाहेरच्या कठड्यावर नेल्या आणि शेजारणीला कठड्याकडे जायचा रस्ता दाखवला. पाणी घालायला घरात यावंच लागत नाही, हे सासूबाईंना पटायला दोन महिने लागले.

ऑफिसातल्या सासूबाई म्हणजे साहेब. स्वतःच्या हातानं कंपनी उभी केलेला माणूस, त्यामुळे आपण जे केलं ते बरोबरच, याला पुरावा म्हणून कंपनीच उभी होती. पहिल्याच वर्षी घाईगडबडीत त्यांनी आपल्या खात्यातून एक टोकन काढलं. टोकन म्हणजे चाळीस अक्षरांची किल्ली. ती ज्याच्या हातात, तो साइटच्या लेखी साक्षात साहेब. वाचा, लिहा, पुसा, कुणी विचारणार नाही. त्या किल्लीला मुदत नव्हती, मर्यादा नव्हती. आणि ती विसरायला नको म्हणून साहेबांनी मीटिंगच्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्याच्या कोपऱ्यात, न पुसणाऱ्या मार्करनं, स्वच्छ अक्षरात लिहून ठेवली. खाली लिहिलं, ‘पुसू नये’.

राजा बोले, दळ हाले. पुढची सात वर्षं ज्याला ज्याला बाहेरचं ॲप जोडायचं, तो फळ्याचा फोटो काढायचा आणि जागेवर जाऊन अक्षरं टाइप करायचा. बाई आल्या तेव्हा बारा ॲप्स त्या एका किल्लीवर चालत होती. एकाला काढायचं तर बाराही गप्प.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. रोज दुपारी, सगळे जेवायला गेले की त्या एक ॲप घेऊन बसायच्या. त्याला खरोखर काय लागतं ते बघायचं, तेवढंच आणि तेवढ्याच फोल्डरपुरतं द्यायचं, ठरलेल्या मुदतीची वेगळी परवानगी त्याच्याच नावावर काढायची, आणि फळ्यावरची किल्ली त्याच्या हातातून अलगद सोडवायची. तीन महिन्यांत दहा ॲप्स झाली. कुणाला पत्ता लागला नाही, कारण काहीच बंद पडलं नाही. न बिघडलेल्या गोष्टीची दखल घ्यायची पद्धत त्या ऑफिसात नव्हती.

उरली दोन. एक ते हिरव्या पट्ट्यांचं, साहेबांचं लाडकं. दुसरं वाढदिवसाचं. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावानं हे ॲप थेट कोडच्या यादीत फुग्यांसकट शुभेच्छा लिहायचं. शुभेच्छा द्यायला कोडमध्ये कशाला शिरावं लागतं, असं विचारायची सोय नव्हती, कारण ते साहेबांनी स्वतः आणलं होतं. दोघांचे फॉर्म भरण्यासाठी साहेबांच्या टेबलावर तीन आठवडे होते. कपाखाली ठेवायला बरे पडत असावेत.

आणि मग एका मंगळवारी साहेबांनी बाईंना बोलावलं.

“बाई, तुमच्या प्रश्नांमुळे आपला वेग कमी होतोय, असं सगळ्यांचं मत आहे.”

“सगळ्यांचं म्हणजे?”

“म्हणजे माझं. सोमवारपासून अलाऊ ज्याचं त्यानं दाबायचं. तुम्ही पुढच्या टेबलावर बसा. पाहुणे येतात, फोन येतात. तुम्हाला माणसांची चौकशी करायची आवड आहेच.”

बाई ‘बरं’ म्हणाल्या. घरी येऊन भाजी चिरताना मात्र सुरी नेहमीपेक्षा जोरात वाजायला लागली.

“काय झालं गं?” सासूबाईंनी विचारलं.

“दारावरून उठवून दारातच बसवतायत.”

“बरं झालं. बसून तरी राहशील.”

बाई हसल्या नाहीत. पुढच्या टेबलाची लाज नव्हती. पण ज्या दिवशी सतरा बोटं मोकळी सुटतील, त्या दिवशी तीन महिन्यांच्या दुपारी पाण्यात जाणार, आणि आपण समोर बसून येणाऱ्या पाहुण्याला ‘या, या, बसा ना’ म्हणणार, हे काही गळ्याखाली उतरेना.

गुरुवारी साहेबांचा वाढदिवस होता. मीटिंगच्या खोलीत केक कापला. साहेब मधे, बाकीचे दाटीवाटीनं, मागे फळा. फोटो छान आला. इतका छान, की साहेबांनी तो लगेच कंपनीच्या पानावर, सगळ्या जगाला दिसेल असा टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इथे दात दाखवून झालं.

शुक्रवारी सकाळी कोडच्या यादीत, खुद्द साहेबांच्या नावानं, एक नवी ओळ आली होती. ‘साहेब, वाढदिवसाच्या शुभेच्छा. आता फळा पुसा.’

ऑफिस खूश. “काय ॲप आहे!” घाईबुवा म्हणाला. “विनोदसुद्धा करायला लागलं.” साहेबांनी ती ओळ दोनदा मोठ्यांदा वाचून दाखवली.

बाईंनी एकदाच वाचली.

“साहेब, शुभेच्छा त्या ॲपनं काल दिल्या. फुग्यांसकट. ही आजची आहे.”

“मग? दोनदा दिल्या.”

“आपल्याकडे फळा आहे, हे ॲपला कुणी सांगितलं?”

घाईबुवानं फोन काढला, कालचा फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. साहेबांच्या डाव्या कानाशेजारी चाळीसच्या चाळीस अक्षरं, अगदी सुवाच्य. कुणीतरी भला माणूस होता. किल्ली सापडली, आत आला, चिठ्ठी ठेवली आणि गेला. पण त्या फोटोला रात्रीत चारशे लाइक्स होते, आणि चारशेही भलेच असतील असं कुणी सांगितलंय?

“ही किल्ली आत्ता रद्द करा,” बाई म्हणाल्या. “तुमच्या नावाची आहे, तुम्हालाच करावी लागेल.”

“वेड लागलंय का?” घाईबुवा ओरडला. “बारा ॲप्स आहेत तिच्यावर! अकरा वाजता डॉक्टरीणबाई आपलं सॉफ्टवेअर बघायला येतायत. चाळीस दवाखाने आहेत त्यांचे!”

साहेबांचं बोट बटणाच्या वर थांबलं. सात वर्षांत पहिल्यांदा ते बोट विचार करत होतं.

“बाई, सगळं बंद पडलं तर?”

“तर सोमवारची वाट कशाला, मी आजच घरी जाते. दोन बंद पडतील. तुमचे हिरवे पट्टे आणि तुमचे फुगे. बाकी दहांचं मी बघितलंय.”

“कधी?”

“तुम्ही जेवत होतात तेव्हा.”

साहेबांनी डोळे मिटले आणि दाबलं. घाईबुवा धावत जागेवर गेला आणि एकेक ॲप उघडून बघू लागला. पहिलं चालू. चौथं चालू. दहावं चालू. तो खुर्चीत बसला. त्याला बसलेला बघून दोघेतिघे उठून उभे राहिले.

अकराला डॉक्टरीणबाई आल्या. साहेबांनी सवयीनं भिंतीवरचा पडदा सुरू केला, तर हिरव्या पट्ट्यांच्या जागी कोरडी ओळ, ‘परवानगी नाही’. बाई दारात उभ्या होत्या. हातात कपाचा गोल डाग पडलेला फॉर्म.

“हा भरलात की लगेच सुरू करते.”

पाहुण्यांपुढे साहेबांना पेन उघडावं लागलं. काय पाहिजे? ‘बघायला पाहिजे.’ कशाला? इथे ते बराच वेळ थांबले आणि शेवटी त्यांनी लिहिलं, ‘समाधानासाठी’. किती दिवस? ‘कायम’.

बाईंनी ‘कायम’ खोडून ‘तीन महिने’ लिहिलं आणि फक्त वाचायची परवानगी दिली. पट्टे आले.

“म्हणजे मालकांनासुद्धा विचारल्याशिवाय मिळत नाही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “माझ्या दवाखान्यात मीच कुणाला विचारत नाही.”

“नियम म्हणजे नियम,” साहेब ताठ बसत म्हणाले. “पहिल्या दिवसापासून आहे आमच्याकडे. मीच घातलाय.”

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी त्या सवयीनं आपल्या जुन्या टेबलाशी गेल्या. कुणी हटकलं नाही. पुढच्या टेबलाचा विषय साहेबांनी काढला नाही. बोलून मागे घेतलं असं दिसलं असतं. दहा वाजता घाईबुवा आला, हातात भरलेला फॉर्म. तिन्ही उत्तरं लिहिलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो समोरच्या खुर्चीत बसला.

“फुगेवाल्याचं काय करायचं, मॅडम?”

“त्याला सांग, शुभेच्छा तोंडी द्यायच्या असतात.”

मीटिंगच्या खोलीतला फळा त्या दिवशी स्पिरिट लावून घासला. चाळीसही अक्षरं गेली. खालचं ‘पुसू नये’ मात्र तसंच आहे. पुसणाऱ्यानं ते वाचलं आणि तिथेच थांबला. उगाच कोण विचारायला जाणार!