डबीर मास्तरांचे सहा दिवे

डबीर मास्तर लाकडाला नुसता हात कधी लावत नसत. आधी खिशातून रुमाल काढत, तो बोटांना गुंडाळत आणि मग दिव्याच्या खांबावरून बोट फिरवत. वर एक डोळा मिटून म्हणत, "मिस्त्री, रेषा बोलली पाहिजे."

"रेषा बोलत नाही मास्तर," मी म्हणायचो. "काचेची बैठक ढिली राह्यली तं दिवा बोलते."

मास्तर बालाघाटच्या शाळेत चित्रकला शिकवत. मी आरा मशीनवर फळ्या वाहून वर आलेला माणूस. लाकूड कातायचा जुना खराद मी गोंदियाहून तीन खेपा घालून, मालकाला रडकुंडीला आणून मिळवला होता. साठ-एकसष्टच्या सुमाराला मास्तर कागदाची सुरळी घेऊन माझ्या दुकानात आले. पुरुषभर उंचीचे, जमिनीवर उभे राहणारे दिवे करायचे होते. खांब सागवानाचा, वर काचेचा गोळा. खाणीवरच्या साहेबांचे बंगले अशा वस्तूंसाठी तहानलेले आहेत, असं त्यांचं म्हणणं. दिव्यांवर दोघांचं नाव राहील, असं त्यांनी आपणहून कबूल केलं. भाव करण्यात मी कधी फसलो नाही. शब्दावर विश्वास ठेवून फसलो, तो एकदाच.

रंगीत गोळे फिरोजाबादहून भाताच्या तणसात गुंडाळून आले. हातानं फुंकलेली काच ती, दोन गोळ्यांची तोंडं सारखी नसतात. म्हणून प्रत्येक गोळ्यासाठी मी त्याच्या तोंडाच्या मापाची वेगळी बैठक कातली आणि गोळ्यावर व बैठकीत खडूनं एकच आकडा घातला. सहा दिवे, सहा आकडे.

खाणीवरच्या एका बंगल्यात दिव्यांचं प्रदर्शन भरलं, त्या दिवशी सकाळी मास्तरांनी ओल्या फडक्यानं सगळे आकडे पुसले. "हे काय पोस्टाचं पार्सल आहे?" असं म्हणून त्यांनी गोळे रंगाच्या क्रमानं लावले. शेजारच्या पाटीवर नाव एकच होतं: डबीर. त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "पाटी लहान पडली."

साहेबांच्या मंडळींबरोबर कलेक्टरीणबाई आल्या, तेव्हा हिरवा गोळा ताडी प्यायल्यासारखा एका अंगाला कलला होता. बाईंनी भुवई उचलली. मास्तर हसून म्हणाले, "क्या करें मैडम, कल्पना मेरी है, हाथ देहाती हैं."

माझं डोकं सणकलं. मी सहाही गोळे उतरवले, प्रत्येकाच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि ज्याचा त्याला बसवला. एकही हलला नाही. बाईंनी विचारलं, हे बनवले कोणी? मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांना अजून संधी होती.

"मैंने," मास्तर म्हणाले.

"तं मंग सातवा बी तुमीच बनवा," मी म्हणालो आणि फाटकाबाहेर पडलो.

सातवा त्यांना झाला नाही. वारासिवनीचा एक खरादी त्यांनी गाठला. पंधरा दिवसांत रुमालाला कंटाळून त्यानंही हात जोडले. मी मात्र दिवे करत राहिलो. लांजी, बैहरपर्यंत माझे दिवे गेले.

निवृत्त होऊन नागपूरला निघताना मास्तर दुकानात आले. खूप वाळले होते. ओळीनं उभ्या दिव्यांसमोर एक डोळा मिटून बराच वेळ थांबले. माझे खांबही त्यांच्या कागदावरच्यासारखेच खालून दोन वितींवर बगळ्याच्या मानेसारखे बारीक होत वर जात. ते वळण नसतं, तर मुसळावर काच ठेवल्यासारखं दिसलं असतं.

"हे वळण माझं आहे," मास्तर म्हणाले. "एवढं तरी कबूल कर."

"हौ. तुमचंच हाय."

"गिऱ्हाइकाला सांगशील?"

"पाटी लहान पडते, मास्तर."

त्यांनी रुमाल काढला आणि तोंड पुसून बाहेर पडले. पुढे दोन वर्षांत ते नागपुरातच वारले, असं कळलं.

दिवे अजून विकले जातात. कोणी बनवले, असं गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा मी म्हणतो, मी. मास्तरांच्या हाताखाली मी एवढंच शिकलो.