कापलेला जोड

आटगावात सध्या पाण्याची पाइपलाइन टाकतायत. काल वेल्डिंगचा जळका वास आला आणि मी एकदम समुद्रातल्या बार्जवर पोचलो.

तिथं आमी पाइपाला पाइप जोडायचो. जोडाचा एक्स-रे निघायचा, खोट दिसली तर जोड कापायचा, नसली तर बार्ज एक पाइपभर पुढं सरकायची आणि तयार लाइन मागून समुद्राच्या तळाला उतरायची. माझा जोड कधी कापला गेला नव्हता. त्या दिवशी फिल्मवर काळा ठिपका दिसला.

"फिल्म खोटी हाय," मी म्हणालो.

फोरमन गोविंददादा मुरबाडचे. म्हणाले, "अरे, तळाला गेल्यावर तुझा हात पोचणार हाय का? तूच काप, तूच जोड."

कापलं, तर आत खरंच भोक. सगळं काम थांबलेलं. पोरं ओरडली, "कोणाचा जोड गेला रे?"

"कोणाचा नाय. बार्जचे नांगर हलवतायत, म्हणून थांबलंय. चहा घ्या," दादा बोलले.

माझी लाज कोणी झाकावी, हेच मला सोसलं नाय. किनाऱ्याला उतरेपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाय. आज त्यांच्या वयाचा झाल्यावर त्यांचा तो शांत आवाज कळतो. दादा आता नाहीत. म्हणून इथं लिहितो, जोड माझा होता.