तुसाचं पोतं

माझ्या नातवाने ड्रमचा सराव भाताच्या तुसाने भरलेल्या पोत्यावर केला. ती चूक होती. ते कळायला आख्खा पावसाळा गेला.

पोतं वापरायचं कारण घरातच होतं. त्याचा बाप, म्हणजे माझा मुलगा, तेव्हा खाटेवर होता. अजून आहे. साजगावच्या एका कारखान्यात लोखंड ओतायचे साचे असतात, ते फोडून त्यांतली वाळू झाडायचं काम तो करायचा. पहिल्यांदा खोकला आला तेव्हा म्हणाला, "धूळ गेली घशात." दुसऱ्यांदाही तेच म्हणाला. पुढे त्याला विहाराच्या पायऱ्या चढवेनात, मग घराचा ओटा चढवेना. आता तो भिंतीला पाठ लावून बसतो आणि बसूनच झोपतो, कारण आडवं झालं की श्वास अडकतो. त्याची रात्र खोकण्यात जाते आणि दिवसा कधीतरी डोळा लागतो. डॉक्टरने छातीचा फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं, हे आता भरून यायचं नाही. मी विचारलं, किती दिवस? त्याने फोटो पाकिटात घालून माझ्या हातात दिला.

ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस शोधला नाही. नातवालाच घेऊन गेला. सून कुंभिवलीला हायवेवरच्या हॉटेलात भाकऱ्या थापते, तेवढ्यावर घर चालत नव्हतं. नातू चोवीस वर्षांचा, धडधाकट. त्याच जागी उभा राहून तीच वाळू झाडायला लागला. तोंडाला फडकं बांधतो. ते फडकं मी धुते. पहिल्या दोन पाण्यांत काळं निघतं, तिसऱ्यात राखाडी. बापाचं फडकंही मीच धुवायचे, त्यामुळे मला ते पाणी नवीन नाही.

तिथून बाहेर पडायला त्याला एकच वाट दिसली, ती ड्रमची. वाजवायला तो लहानपणीच शिकला. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वाडीचं बेंजो पथक टेंपोवर चढतं, त्यात त्याचा ड्रम असे. एकदा हळदीच्या सुपारीला पथक कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर गेलं. शेजारच्या बंगल्यात मुंबईची काही पोरं त्यांचं संगीत वाजवत होती. मी ते नंतर मोबाईलवर ऐकलं. पत्र्याची शेड कोसळत असावी तसं ते असतं. हा हळद सोडून तिकडे जाऊन उभा राहिला. त्यांचा ड्रमवाला पुढच्या वर्षी परदेशी जाणार होता आणि त्यांना नवा माणूस हवा होता. गावोगावी त्यांचे कार्यक्रम, राहणं-खाणं त्यांच्याकडे, काम वर्षभर. त्यांनी विचारलं, "डबल येतं का?" हा म्हणाला, येतं. येत नव्हतं.

डबल म्हणजे मोठा ढोल एकच, पण त्याला दोन मोगऱ्या. एक उजव्या पायाने चालवायची, एक डाव्या. पाय आलटून पालटून पडायचे, इतके जलद की मधली फट ऐकू येऊ नये, आणि हे गाणं संपेपर्यंत. हात वर वेगळंच काही करत असतात. दोन्ही पायांची ती पेडलं त्याने खोपोलीच्या एका बँडवाल्याकडून जुनी आणली. ढोल आणला असता तर बापाची दिवसाची झोप गेली असती. म्हणून गिरणीतून तूस आणला, पोत्यात ठासून भरला, पोतं भिंतीला टेकवलं आणि त्याच्यावर मोगऱ्या हाणायला लागला. मांजराने उडी मारावी एवढाच आवाज यायचा. आम्हाला वाटलं, काय अक्कल आहे पोराची.

कामावरून आला की हातपाय धुवायचा आणि बसायचा. बसला की सुरुवातच जोरात. मांड्या वरखाली, मान पुढे, दात आवळलेले. थोड्याच वेळात बनियन पिळून काढावं असं. बाप जागा असला की खाटेवरून बोलायचा.

"काय रं, घोडा कुठं निघाला?"

"मुंबईला."

"त्याला सांग, मुंबई लांब हाय. हा पाली फाट्यालाच फेस काढणार."

"तुमी झोपा ना, बाबा."

"झोपलो असतो. पण तुझा डावा लंगडतोय, तो ऐकून झोप येईना."

ते खरं होतं. उजवा पडायचा तसा डावा पडत नव्हता. दिवसभर खाटेवर बसून बापाचे कान असे झाले होते की चुलीवर भाताला आधण आलं की माझ्याआधी तो सांगायचा. पण नातवाला वाटे, डावा मागे राहतो म्हणजे तो जास्त जोराने हाणला पाहिजे. मग नडग्या सुजल्या. जमिनीवर पाऊल टेकताना तोंड वाकडं व्हायला लागलं. मी निरगुडीचा पाला शेकून बांधला.

"पाय हायत का मुसळं? थांब की जरा."

"थांबून वेग येतो का, आजी?"

"मोडून येतो का?"

ऐकलं नाही. पावसाळाभर हे चाललं. पोत्याला मधोमध खड्डा पडला. पोतं दोनदा शिवलं.

पाऊस संपल्यावर तो त्या मुंबईच्या पोरांना वाजवून दाखवायला कर्जतला गेला. परत आला तेव्हा मोटरसायकल लावून बराच वेळ तिच्यावरच बसून राहिला. मी बाहेर जाऊन विचारलं. म्हणाला, "गाढवानं पत्र्यावर लाथा माराव्यात तसं वाजलं."

झालं होतं असं. ढोलाचं कातडं ताणलेलं असतं. मोगरी त्याच्यावर पडली की ते तिला परत फेकतं. जाणता वाजवणारा त्या फेकण्याचा फायदा घेतो. मोगरी आपोआप मागे येते, तेवढ्यात पायाला विसावा मिळतो. तुसाचं पोतं काही परत देत नाही. मोगरी आत रुतते, आणि दर ठोक्याला ती मांडीच्या जोराने उपसून काढावी लागते. आमच्या पोराने पावसाळाभर मोगरी उपसायचीच सवय केली होती. खऱ्या ढोलावर मोगरी स्वतःहून मागे आली, तेव्हा ह्याचा पाय तिला नेमका उलटा भेटला. एका ठोक्याचे दोन झाले, दोनाचे तीन, आणि सगळं विस्कटलं.

ती पोरं हसली नाहीत. जाणारा ड्रमवाला याला बाजूला घेऊन बसला आणि त्याने दाखवलं. स्टूल उंच कर, मांडी लोंबती राहू दे. जोर कमी, घोट्यातून. सावकाश वाजव. सावकाश नीट येत नाही ते जलद कधीच येणार नाही. परदेशी जायच्या आधी एकदा पुन्हा ऐकतो म्हणाला.

पोतं नातवाने उकिरड्यावर ओतलं. कुंभिवलीच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकची फाटकी ट्यूब आणली आणि लोखंडी रिंगवर ताणून बांधली. ती मोगरी परत द्यायची. पण आवाजही द्यायची, धबधब धबधब, सगळी भिंत हलायची. पहिल्याच दिवशी तो थांबला आणि बापाकडे बघायला लागला.

"बघतोस काय? वाजव."

"तुमची झोप..."

"झोपून मी काय कमावणार हाय? वाजव. पण हळू."

त्या दिवसापासून त्याची दिवसाची झोप गेली. सून एकदा म्हणाली, निदान दुपारचं तरी नको. तिला तो म्हणाला, "तू भाकरी थाप. ह्यातलं तुला नाय कळत." तिला कळत होतं.

आता नातू मोबाईलमध्ये टकटक लावायचा. ती इतकी संथ की दोन ठोक्यांमध्ये माझी लसणाची पाकळी सोलून व्हायची. आधी डावा पाय एकटा. मग उजवा एकटा. मग दोन्ही. स्टुलाखाली विटा घातल्या. पोटरी ताठ झाली की थांबायचं, पाय झाडायचे, पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं. वेग वाढवायचा तो एवढासा, आणि आधीचा पक्का झाल्यावरच. भात लावायला नवी बाई आली की सकाळी सगळ्यांच्या पुढे असते आणि दुपारी बांधावर बसते. जुन्या बायका वाकल्या की वाकलेल्या, हलतो तो फक्त हात. ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. कंबर शिकवते. नातवाला ते पायांनी शिकायचं होतं.

वेग पक्का झाला की नाही हे बघायची बापाची एक रीत होती. दम लागला की बोलणं तुटतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? म्हणून पोरगं वाजवत असताना तो मुद्दाम बोलायला लावायचा.

"तुझ्या मावशीला पोरी किती?"

"चार."

"बारकीचं लगीन झालं का?"

"तिचंच आधी झालं. पळून गेली ना ती."

"कोणासंगती?"

"लोधिवलीचा हाय. टेंपो चालवतो."

"बरं केलं. आता एवढंसं वाढव."

उत्तर अडखळलं की म्हणायचा, "नाय. खाली घे. हळू." दिवसातून किती वेळा हळू म्हणायचा त्याला हिशोब नव्हता. बोलताना त्याचं बोट खाटेच्या पट्टीवर ठोका धरायचं. स्वतःचं एक वाक्य बोलून झालं की तो तोंड उघडं ठेवून हवा ओढत बसायचा, आणि बोट तरी चालू असायचं.

थंडीत नातवाच्या नडग्यांची सूज पूर्ण उतरली. डावा उजव्याला मिळाला. मी चुलीपाशी बसून ऐकत असे. पाय दोन आहेत हे कळेनासं झालं होतं. आणि तो घामेजत नव्हता. मोठं गाणं शेवटपर्यंत वाजवून पाणीसुद्धा न पिता माझ्याशी बोलायचा. मला वाटलं, हा जाईल. असं वाटून घ्यायची मला सवय नाही, पण वाटलं.

कर्जतला जायचा दिवस ठरला. त्याने त्या दिवसाची सुट्टी मागून घेतली होती. आदल्या दिवशी त्याच्या पाळीनंतर येणारा माणूस आला नाही. ठेकेदाराने याला गेटवरून परत फिरवलं. म्हणाला, जायचं तर जा, मग उद्यापासून येऊच नको. हा थांबला. दुसरी पाळीही उभ्याने काढली, साचे फोडत, फावड्याने वाळू ओढत. सकाळी तिथूनच परस्पर कर्जतला गेला.

पहिलं गाणं छान झालं म्हणाला. दुसरं मोठं होतं. निम्म्यावर गेल्यावर डावी पोटरी दगड झाली. पाय खाली पडायचा, पण वर यायचा नाही. त्याने वेळ मारून नेली, उजव्याने दोघांचं केलं, पण त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी पाणी दिलं, चांगलं बोलले. काम दुसऱ्या एका पोराला मिळालं. तो पोरगा सकाळी घरून झोप काढून आला होता, एवढाच फरक असेल. किंवा तो खरंच चांगला असेल. मी काही ऐकलेलं नाही.

घरी आला तेव्हा बाप जागाच होता.

"डावा?"

"डावा."

"शिकलेलं जात नाय," बाप म्हणाला. मग हवा ओढली. "पायात होतं तेवढं कंपनीनं आधीच काढून घेतलं. आता झोप."

तो झोपला. तोंडाचं फडकं मी गळ्यातून सोडवून घेतलं आणि धुतलं. दोन पाळ्यांचं होतं. चार पाणी घालावी लागली.

त्या पोरांनी पुढे निरोप पाठवला. घेतलेल्या मुलाचं सगळं नक्की नाही, होळीनंतर बघू, हात-पाय चालू ठेव. त्यामुळे ट्यूब अजून भिंतीला आहे. नातू कामावरून येतो, हातपाय धुतो, बसतो. टकटक लावतो. बाप विचारतो, हा सांगतो.

परवा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. दार उघडं होतं.

"ठेकेदारानं नवी गाडी घेतली म्हणतात?"

"घेतली. पांढरी."

"तुला बसवलं का तिच्यात?"

"मला कशाला बसवतोय? सीटला..."

इथे तो खोकला. कोरडा, लहान. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा. पाय थांबले नाहीत. डावा एवढासाही मागे राहिला नाही. बापाचं बोट मात्र पट्टीवर थांबलं.

"काय झालं?"

"काय नाय. धूळ गेली घशात."

माझ्या मुलाने दारातून माझ्याकडे बघितलं. मी सुपात बघत राहिले.

मग तो म्हणाला, "वेग वाढव."

"अजून हा पक्का नाय, बाबा. तुमीच सांगता ना, हळू."

"वाढव म्हणतो ना."

पोराने वाढवला.