बाळंतिणीच्या खोलीतला खड्डा

परवा शेजारणीकडे गेले होते. तिच्या मांजरानं नव्या सोफ्याचा हात ओरबाडून धागे काढले होते. तिची सासू सांगत होती, की मांजर असं ओरबाडायला लागलं की घरावर काहीतरी येणार असतं, कुणा जाणत्याला दाखवून घ्या. मी एवढ्या जोरात बोलले की चहा आणणारी शेजारीण दारातच थांबली. "नखं साफ करतंय ते! वरचं जुनं टरफल निघून पडतं, खालचं नवं नख मोकळं होतं. त्यात कुणाला काय दाखवायचं?" एवढं वय झालं, पण मांजराच्या उकरण्याओरबाडण्यातून कुणी अर्थ काढायला लागलं की माझं डोकं फिरतं. का फिरतं, ते एकदा लिहून काढते.

निजामाचं राज्य होतं. आमचं मूळ गाव देवगाव रंगारी. वडील औरंगाबादला सरकारी दफ्तरात कारकून होते, म्हणून आम्ही शहागंजच्या मागच्या एका गल्लीत भाड्यानं राहत होतो. पुढं ओसरी, आत दोन खोल्या, मागं लहानसं स्वयंपाकघर, आणि अंगणापलीकडे घरमालकीण. ती मुसलमान, विधवा, एकटी. आम्ही तिला खालाबी म्हणायचो. आईचं आणि तिचं चांगलं जमायचं. तिच्याकडच्याच मांजरीचं एक राखाडी पिल्लू आईनं आणलं होतं. ते आमच्याकडे मोठं झालं आणि आईच्या मागं मागं फिरायला लागलं.

त्या थंडीत माझा भाऊ जन्मला. आतल्या खोलीत, घरीच. मी दहाएक वर्षांची असेन. सुईण म्हणाली, "पोरी, पाण्याचा तांब्या घेऊन उभी ऱ्हा," म्हणून मी तिथंच होते. बाळ आईजवळ दिल्यावर सुईणीनं बाळामागून पडलेली वार एका लहान मडक्यात ठेवली, वर हळदकुंकू, सुपारी आणि तांब्याचा एक पैसा टाकला, फडक्यानं तोंड बांधलं आणि खोलीच्या कोपऱ्यात खड्डा करून मडकं पुरलं. वरून माती दाबली, शेणानं सारवलं. लेकराची वार घराबाहेर जाऊ देत नाहीत, असं ती म्हणाली. पुरुषांना यातलं काही माहीत नसायचं. माहीत करून घ्यायचंही नसायचं.

पुढं काही दिवसांनी मांजर त्या कोपऱ्यात जाऊन उकरायला लागली. तिचं नाक आपल्यासारखं नाही. जमीन वरून सारवलेली असली तरी तिला खालचा वास येत होता आणि माती सैल लागत होती. आई हाकलायची, वरून शेणाचा हात फिरवायची. मांजर दुपारी परत तिथंच.

बाकी वेळ ती आईच्या पायाशी. आई बाळाला पाजायला आडवी झाली की मांजर गोधडीवर चढायची, डोळे मिटायची आणि पुढचे दोन पंजे आळीपाळीनं दाबत घुरघुरत बसायची. मी विचारलं, हे काय करते ही?

आई म्हणाली, "पिल्लू असताना दूध उतरावं म्हणून आईच्या पोटाला असंच दाबतात ते. मोठं झालं तरी सवय जात नाय. हा बघ की, हा तरी काय करतोय?"

भाऊ पीत होता आणि त्याची इवलीशी मूठ आईच्या अंगावर उघडत होती, मिटत होती. मी किती वेळ त्या दोघांकडे बघत बसले होते. त्या घरातलं मला आठवणारं शेवटचं सुख ते.

मग मोठे काका आले. वडिलांचे थोरले भाऊ. देवगावची शेती त्यांच्या ताब्यात होती आणि औरंगाबादच्या अदालतीत त्यांचं काही ना काही चालू असायचं. तारखेला यायचे आणि आठवडे राहायचे. घर वडिलांचं बिऱ्हाड, पण काका आले की ते काकांचं व्हायचं. वडील त्यांच्यासमोर खाली बसायचे. आई तर त्यांच्याशी कधी एक शब्द बोललेली नव्हती. डोईवरचा पदर पुढं ओढून दाराआडून ताट सरकवायची.

काका बाळाला बघायला आत आले आणि त्यांना मांजर कोपऱ्यात उकरताना दिसली. ते तिथंच उकिडवे बसले. "ही रोज इथंच उकरती का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, व्हय. त्यांचा चेहरा बदलला.

औरंगाबादेत तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी गाडलेलं धन असायचं. मोगलांच्या वेळचे सरदार जाताना मोहरांचे हंडे पुरून गेले, अमक्याला विहीर खणताना सापडलं, तमक्याला भिंत पडल्यावर. काकांच्या डोक्यात हे आधीपासून होतंच. दोन दिवसांनी ते एका माणसाला घेऊन आले. फर्दापूरकडचा. अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्या साहेब लोकांबरोबर हिंडायचा आणि आपल्याला जमिनीखालचं कळतं, असं सांगायचा. त्यानं अख्खा दिवस ओसरीत बसून आमच्या मांजरीवर नजर ठेवली. तिनं खोलीच्या मधल्या सागवानी खांबाला नखं घासली, गोधडीवर पंजे दाबले, कोपऱ्यात उकरलं. संध्याकाळी तो म्हणाला, "खांबावर खूण करती. अंथरुणावर लक्ष्मीचे पाय दाबती. आन् कोपऱ्यात वाट दावती. तिन्ही जागा खणाव्या लागतील. कोपरा शेवटी, अवसेला."

हे मी शब्दाला शब्द सांगू शकते. मांजर नख घासते, दूध आठवून पाय दाबते आणि वास आला म्हणून उकरते, आणि दोन थोराड पुरुष तिच्याकडे तोंड वासून बघत बसतात!

आईनं वडिलांना स्वयंपाकघरात गाठलं. मी पीठ मळत होते.

"अहो, तिथं वार पुरलीय. सुईणीनं पुरली. मांजर वासानं उकरतेय. दादांना सांगा."

वडील खाली बघत म्हणाले, "असल्या बायकांच्या गोष्टी मी दादांना कशा सांगू?"

"मग मी सांगू?"

"तू तर गप्पच बस."

दफ्तरात हाच माणूस वरच्या साहेबाला उर्दूत पानंच्या पानं लिहायचा. घरी भावाला एक वाक्य सांगता आलं नाही. काका मूर्ख होते, लोभी होते, त्यांचं मी समजू शकते. वडिलांना खरं माहीत होतं. काकांपेक्षा वडिलांचा राग मला जास्त आला. तो अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मग मीच तोंड उघडलं. काका ओसरीत होते. मी म्हणाले, "काका, तिथं धन नाय. तिथं सुईणीनं..." एवढ्यावर त्यांनी थोबाडीत मारली. "पोरीच्या जातीनं मधी तोंड घालू नाय. बोललं की धन सरकतं." वडील तिथंच सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला, आणि परत चालू झाला.

त्याच सुमाराला खालाबी उरुसासाठी खुलदाबादला गेली. काकांना तेच हवं होतं. जमिनीत काही सापडलं तर ते सरकारचं, आणि घर तर खालाबीचं. पण अंगणाचं दार लावून घेतलं की झालं. आईला आणि बाळाला ओसरीत काढलं. बाळंतीण बाई, पौषातली थंडी, आणि ओसरीला पुढची बाजू उघडी. आईनं दोन गोधड्या दोरीवर टाकून आडोसा केला. रात्रभर वारं खालून शिरायचं.

आत कुदळ आणि पहार चालायची. आधी खांबाभोवती खणलं. खांबाखालचा दगड उघडा पडला आणि वरचा सर, म्हणजे आडवी तुळई, करकरायला लागला तेव्हा तिथलं थांबवलं. मग आईच्या बाजेखालची जमीन खणली. निघालं ते मुरूम, खापरं आणि एका जनावराचं जुनं हाड. धूळ सगळ्या घरात. भाकरीत कचकच लागायची. काका दिवसभर खणून घेऊन जेवायला बसायचे आणि म्हणायचे, भाजी खारट झाली. आई पदराआडून परत वाढायची.

बाळाला खोकला सुरू झाला. खोकून खोकून ते निळं पडायचं, दूध टाकायचं. आईनं वडिलांना सांगितलं, निदान आतल्या दुसऱ्या खोलीत तरी जाऊ द्या. तिथं माती टाकलीय, वडील म्हणाले. अवसेपर्यंत कळ काढ.

अवसेला दुपारी कोपरा उघडला. फार खणावं लागलंच नाही. हातभर खोलीवरच मडकं लागलं. फर्दापूरच्या माणसानं ते हलवलं आणि आत पैसा वाजला. तो आवाज ऐकून काकांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "लई दिवस वाट बघितली," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतः फडकं सोडलं.

वास आला. फर्दापूरचा माणूस मागं सरकून भिंतीला टेकला. काका हातातलं फडकं तसंच धरून बसले. "हे काय हाय?" ते म्हणाले. "हे कुणी केलं? करणी हाय ही."

आई दारात उभी होती. बाळ खांद्यावर. पदर डोक्यावर होता, पण पुढं ओढलेला नव्हता. मी तिचा चेहरा काकांसमोर पहिल्यांदा उघडा बघितला.

"करणी नाय, दादा," ती म्हणाली. "माझ्या लेकराची वार हाय ती. तुमच्या भावाला ठावं होतं. त्यांना इचारा."

काकांनी वडिलांकडे बघितलं. वडील जमिनीकडे बघत होते. कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले होते. बाळंतिणीला थंडीत निजवलं, लेकरू आजारी पाडलं, पुरलेलं उकरून काढलं, यावर एक शब्द तरी. काका उठले, अंगणात गेले, विटाळ झाला म्हणून डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. फर्दापूरच्या माणसाला म्हणाले, "ती मांजर अवदसा हाय. तिला न्या इथनं."

मांजर खणलेल्या मातीच्या ढिगावर बसली होती. एवढी सैल माती मिळाल्यावर ती आणखी कुठं जाणार? त्यानं तिला पोत्यात कोंबलं. मी पोत्याला लोंबकळले. काकांनी माझा दंड धरून मला ओसरीत ढकललं. मुकुंदवाडीच्या पलीकडे रुळांपाशी सोडली, असं तो नंतर म्हणाला. सोडली की मारली ते देवाला माहीत. ती परत आली नाही.

खालाबी चार दिवसांनी आली. खांबाखालचा खड्डा बघून ओरडलीच. काका म्हणाले, घुशी झाल्या होत्या, त्यांची बिळं बुजवत होतो. आई चुलीपाशी होती. तिनं तिथूनच सगळं सांगितलं, न थांबता, काकांच्या देखत. बोलायची भीती एकदा गेली ती गेलीच.

खालाबीनं आधी बाळाला घेतलं, त्याच्या छातीला कान लावला. मग काकांना म्हणाली, "दादासाहेब, तुम्ही आजच्या आज निघायचं. माझ्या घराचं सोडा. ह्या बाईचं लेकरू वाचलं नाही तर मी कोतवालीत जाऊन बसेन, समझे?"

काका संध्याकाळी गेले. वडील त्यांची पेटी घेऊन मोटारींच्या अड्ड्यापर्यंत पोचवायला गेले! आई आणि मी खालाबीकडे राहायला गेलो. तिच्या उबदार खोलीत, शेगडीच्या बाजूला, भाऊ हळूहळू नीट श्वास घ्यायला लागला. वडील आमच्या खोलीतले खड्डे एकटेच बुजवत होते. वारेचं मडकं आईनं तेव्हाच फडक्यानं परत बांधून बाजूला ठेवलं होतं, ते तिनं खालाबीच्या अंगणात पुरलं. पुरताना वडील जवळ आले तर ती म्हणाली, "तुम्ही जा."

पुढं निजामाचं राज्य गेलं, आम्ही घर बदललं, खालाबी वारली. काका मात्र लई जगले. भाऊ कॉलेजात असताना देवगावला एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. पंगत बसली होती. काका मधोमध बसून लोकांना गोष्ट सांगत होते. मांजरानं आपल्याला कसं फसवलं, हंडा म्हणून काय निघालं, फर्दापूरचा तो गडी कसा पळाला. लोक हसून हसून वाकत होते. वडीलही हसत होते. तोंडावर हात ठेवून, पण हसत होते.

मी हातातलं वाढायचं पातेलं खाली ठेवलं. "मांजरानं कुणाला फसवलं नाही," मी म्हणाले. "तिला वास आला, तिनं उकरलं. तुम्ही माझ्या आईला थंडीत टाकलं आणि ह्याला मरणाच्या दारात नेलं. ते पण सांगा की. आणि हे हसतायत ना, ह्यांना सगळं माहीत होतं, हे पण सांगा."

काका म्हणाले, "पोरीला अजून वळण नाय." कुणीतरी जिलबी वाढायला सुरुवात केली. बायकांच्या पंगतीतून आई माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली नाही, खुणेनं थांबवलंही नाही.

भाऊ माझ्यामागं बाहेर आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरात कुणी बोललंच नव्हतं. "ताई, ते मी होतो?" त्यानं विचारलं. मी त्याला चिंचेखाली उभं राहून पहिल्यापासून सांगितलं.

परतताना एसटीत वडील त्याच्या शेजारी बसले होते. खिडकी लावू का, त्यांनी विचारलं. भूक लागली का, विचारलं. खुलदाबादला गाडी थांबली तेव्हा उतरून त्याच्यासाठी पेरू घेऊन आले. भावानं पेरू घेतला नाही आणि औरंगाबाद येईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. मागच्या बाकावर मी आणि आई होतो. आईनं तो पेरू वडिलांच्या हातातून घेतला, दोन तुकडे केले आणि एक मला दिला.