मधोमध कापलेलं पुस्तक

वर्ध्याच्या आठवडी बाजारात जुनी पुस्तकं विकणाऱ्या माणसाने मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही. मी फक्त भाव केला, आणि भाव करणं हा गुन्हा असेल तर अख्खा बाजार आत टाकावा लागेल.

पिपरी मेघेत माझं भांड्यांचं दुकान आहे. सुरुवातीला सायकलला टोपली बांधून मी स्टीलचे डबे पार हिंगणीपर्यंत विकले. दुकान उभं राहिल्यावर बाहेरून बी.ए. केलं. त्यात इंग्रजीला एका जुन्या अमेरिकन कादंबरीकाराची कथा होती. तेव्हापासून त्याचं आणखी काही मिळतं का, हे मी शोधत होते.

आणि बाजारात ताडपत्रीवर त्याच्याच चार कादंबऱ्या एका पुठ्ठ्यात बांधलेल्या दिसल्या. उशीएवढा ठोकळा. हवं ते हवंय असं दाखवायचं नसतं, म्हणून मी नाक मुरडलं. कागद पिवळा, पाठ उसवलेली, आधीच्या मालकाने पेन्सिलीने रेघा ओढलेल्या, सगळं त्याला दाखवलं. तो हलेना. मग मी शेवटचं काढलं.

"मले दोनच वाचायच्या हायेत. चारचे पैसे काऊन देऊ?"

भाव करताना कोणीही असंच बोलतं. शेजारी एक बाई कोहळ्याच्या फोडी विकत बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि म्हणाला, भाजी घेऊन या, तोवर बांधून ठेवतो. अर्ध्या भावात. मी मनातून खूश. परत आले तर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं तयार, वर सुतळीची गाठ. दुकानात प्रत्येक गंज, प्रत्येक पातेलं वाजवून घेणारी मी, ते पुडकं न उघडता पिशवीत टाकलं.

घरी सोडलं तर पुस्तक अर्धंच. पाठीतून सरळ सुरी घातलेली. डोकं फिरलं, पण दोन मागितल्या होत्या, दोन मिळाल्या, म्हणून गप्प बसले.

पहिली कादंबरी शब्दकोश मांडीवर घेऊन दोन महिन्यांत संपवली. दुसरीत एक विधवा आपलं घर दिराच्या हातून सोडवायला कोर्टात जाते. असल्या भांडणातून मी स्वतः गेले आहे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी पान सोडवत नव्हतं. शेवटी न्यायाधीश चष्मा पुसतो, घसा खाकरतो, आणि पुस्तक संपतं. कादंबरी नाही, पुस्तक. त्या माणसाने जाडी पाहून कापलं होतं.

मी तशीच बाजारात गेले.

"तुमीच म्हटलं न बाई, दोन पाह्यजे," तो शांतपणे म्हणाला. "मंग मी का आता इंग्रजी वाचून कापू?"

उरलेलं अर्धं नालवाडीच्या एका शिक्षिकेने नेलं होतं, एवढं त्याने सांगितलं. घर शोधत गेले. माझ्याच वयाची बाई. तिच्या पुस्तकाची पहिली तीसेक पानं म्हणजे माझ्या कादंबरीचा शेवट, आणि तीही वैतागलेलीच होती.

"निकाल मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण ही बाई कोण, भांडण कशाचं, ते सगळं तुमच्याकडे."

मी पानं मागितली. तिने माझं अर्धं मागितलं. ती बांधून घेईल, मग मी खुशाल येऊन वाचावं. मी म्हटलं, बांधायचं तर मीच बांधते. दोनदा चहा झाला. मी उठले तेव्हा ती दारापर्यंत आली.

"आठ दिवस तुमचं अर्धं ठेवून जा, निकाल आत्ता सांगते."

जिभेवर हो आलं होतं. पण आठ दिवसांसाठी नेलेली माझी किती पातेली परत आली, ते मला ठाऊक आहे. मी पुस्तक काखेत मारलं आणि निघाले.

तिच्यावर माझा राग नाही. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. पण सुरी त्या माणसाची होती. आता बाजारात मी त्याच्या ताडपत्रीपुढे उभी राहिले की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागतो. तिकडे ती विधवा अजून कोर्टात उभी आहे. सुरी घालण्याआधी एक पान उलटून पाहायला त्याचं काय जात होतं? कादंबरी कुठे संपते हे कळायला इंग्रजी लागत नाही, खाली अर्धं पान कोरं असतं. याचा जबाब त्याने चारचौघांत द्यावा, आणि नालवाडीला जाऊन ती पानं त्यानेच आणून द्यावीत.