धरून मारलेली लाथ

श्रीरंग कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल रक्तातच, आणि दुसऱ्याचं रक्त काढायलाही गडी मागेपुढे पाहायचा नाही. पेठांच्या मॅचमध्ये स्वतःचे दोन दात घालवून बसलेला! २००१ला प्रोग्रॅमर म्हणून जर्सी सिटीत आला आणि सोमवार ते शुक्रवार मॅनेजरपुढे मान खाली घालून ‘येस, शुअर’ करत राहिला. नुसती गोगलगाय झाली होती बघा त्याची.

मग त्याला ते येडं मंडळ सापडलं. राणी व्हिक्टोरियाच्या जमान्यातले हौशी इंग्रज खेळायचे, तसं फुटबॉल ही माणसं दर रविवारी खेळत. डोक्यावर लोकरी टोप्या, आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ घालायची उघड मुभा! अट एकच. एक तर माणूस धरा, नाहीतर लाथ मारा. धरून मारायचं नाही. धरून मारलं की मंडळातून कायमचा बाहेर. रेफरी नाहीच. संशय आला तर कप्तान मारणाऱ्यालाच विचारणार आणि तो सांगेल ते खरं मानणार. श्रीरंग रविवारपुरताच जगू लागला.

२००६च्या ऑक्टोबरात चार-पाच तासांवरच्या हर्नडन गावचा संघ आला. त्यात नागपूरचा शशिकांत होता, श्रीरंगचा जुना रूममेट, एका ताटात जेवलेला.

“आज तुझं संत्रं सोलतो,” श्रीरंग म्हणाला.

“ये बे, तुझा तांबडा रस्सा इथंच सांडतो.”

आणि सांडलाच की! दहा मिनिटांत एकाचं नाक फुटलं, एकाची भुवई फाटली. शशिकांतनं श्रीरंगची नडगी अशी सोलली की मोजा रक्तानं चिकटून बसला. तिसरी लाथही नेमकी तिथंच बसली, आणि श्रीरंगचं डोकं फिरलं. चिखलात दहा-बारा जणांची झोंबाझोंबी चाललेली. त्यानं शशिकांतची मान मागून करकचून आवळली आणि होती नव्हती ती ताकद लावून लाथ घातली. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. शशिकांत गुरासारखा ओरडला.

कप्तान धावत आला. “तू धरलं होतंस त्याला?” त्यानं श्रीरंगला विचारलं.

त्या गर्दीत कुणालाच काही दिसलं नव्हतं. शशिकांत दातओठ आवळून आभाळाकडे बघत होता. हो म्हटलं तर रविवार गेला, उरले सगळे सोमवार!

“नो,” श्रीरंग म्हणाला.

अरे मेल्या, जीभ कशी झडली नाही तुझी!

शशिकांतच्या पायात सळई बसली, पण लंगडणं राहिलंच. श्रीरंग खेळत राहिला आणि दर महिन्याला ड्राइव्ह करून हर्नडनला त्याला भेटायला जात राहिला. शशिकांत त्याला पोटभर जेवू घालायचा, मॅचचा स्कोअर विचारायचा.

२००८ला शशिकांत कायमचा नागपूरला निघाला. सामान उतरवायला श्रीरंग गेला. शशिकांत कठडा धरून एकेक पायरी उतरत होता, ते काही श्रीरंगला बघवेना.

“शशी, मी तुला धरलं होतं रे.”

“माहीत आहे बे. मान माझीच होती ना? पण विचारलं तुला होतं.”

“मग दोन वर्षं बोलला का नाहीस?”

“तुला किती दिवस लागतात ते बघत होतो. चल, बॅग उचल, फ्लाइट चुकेल.”

श्रीरंग बॅगेसाठी वाकला आणि तिथंच पायरीवर बसून पोरासारखा रडला.